रॉबर्ट क्रम्बवरची ती डॉक्युमेंटरी आणि ती इतकी अस्वस्थ का करते

रॉबर्ट क्रम्ब हे नाव ऐकलं नसेल तरी त्याचं एखादं चित्र तुमच्या नजरेखालून गेलेलं असू शकतं. मागे रेलून, एक पाय पार पुढे टाकून चालणारा माणूस, बुटाचा तळ एवढा मोठा की अर्धं चित्र त्यानेच भरलंय, आणि सोबत 'कीप ऑन ट्रकिन' अशी अक्षरं. टीशर्ट, पोस्टर, स्टिकर, सगळीकडे ते छापलं गेलं. जॅनिस जॉप्लिन ज्या बँडमधे गायची त्यांच्या 1968 च्या 'चीप थ्रिल्स' अल्बमचं कव्हरसुद्धा त्याचंच. आणि ह्याच माणसाने अशीही कॉमिक्स काढली ज्यात बायकांचा छळ आहे, काळ्या लोकांची अत्यंत ओंगळ चित्रं आहेत, आईबाप आणि मुलांमधला सेक्स आहे. कोणी त्याला विसाव्या शतकातल्या मोठ्या चित्रकारांमधे बसवतं, कोणी म्हणतं हा विकृत माणूस आहे आणि त्याचं कौतुक बंद करा.

त्याच्यावर टेरी झ्वायगॉफने 'क्रम्ब' नावाची डॉक्युमेंटरी काढली, 1994 ची, साधारण दोन तासांची. ती पूर्ण व्हायला जवळपास 9 वर्षं गेली. 1995 च्या सनडान्स फेस्टिव्हलमधे तिला डॉक्युमेंटरीचं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं. लोक तिच्याबद्दल बोलताना "एका वेड्या कलाकाराची फिल्म" असं म्हणून मोकळे होतात, आणि मला ते फार अपुरं वाटतं. ही चित्रं कुठून आली हे ती दाखवते, ती चित्रं दुसऱ्याचं काय करतात हेही दाखवते, आणि पहिल्या गोष्टीने दुसरी पुसून टाकायचा प्रयत्न कुठेच करत नाही. हे नीट कळायचं तर आधी 'अंडरग्राउंड' ही भानगड काय होती ते बघावं लागेल.

1950 च्या आसपास अमेरिकेत कॉमिक्स प्रचंड खपायची, आणि त्यात गुन्हेगारीची, भुताखेतांची, रक्तपाताची पण भरपूर असायची. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1954 मधे पुस्तक लिहून सांगितलं की ह्या कॉमिक्समुळे पोरं बिघडतायत, सिनेटमधे सुनावण्या झाल्या, आणि सरकारने कायदा करायच्या आत प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली आणली. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का असेल तरच होलसेलवाले माल उचलणार. नियम काय तर व्हॅम्पायर नको, झोंबी नको, नावात 'हॉरर' शब्द नको, पोलीस-जज-सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको, आणि शेवटी चांगल्याचाच विजय. म्हणजे कागदावर कायदा कुठेच नव्हता, पण शिक्का नसेल तर दुकानापर्यंत पोचायचा रस्ताच बंद. त्यामुळे पुढची दहा-बारा वर्षं अमेरिकन कॉमिक्स म्हणजे लहान मुलांचा माल असंच समीकरण होऊन बसलं, मोठ्या माणसांसाठी कोणी काही काढायला धजावेना.

क्रम्ब ह्याच काळात वाढला. जन्म 1943, फिलाडेल्फिया. 1962 नंतर क्लीव्हलंडला अमेरिकन ग्रीटिंग्ज ह्या कंपनीत शुभेच्छापत्रांवर गोंडस चित्रं काढायची नोकरी केली, तिथे असतानाच एलएसडी हे भास घडवणारं ड्रग घ्यायला लागला, आणि 1967 च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला, जिथे हिप्पी लोकांचा पूर लोटलेला होता. फेब्रुवारी 1968 मधे त्याच्या 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला. तो आणि त्याची तेव्हाची बायको डेना बाबागाडीत अंक भरून हेट-ॲशबरी ह्या तिथल्या हिप्पी वस्तीच्या रस्त्यांवर विकत होते. मुखपृष्ठावर इशारा होता की हे फक्त प्रौढ बुद्धिवाद्यांसाठी आहे. होलसेलर नाही, शिक्का नाही, कोड नाही. छापखाना होता चार्ल्स प्लायमेल नावाच्या कवीचा. हा प्लायमेल बीट कवींच्या, म्हणजे 1950 च्या दशकातल्या बंडखोर अमेरिकन कवींच्या गोतावळ्यातला, ॲलन गिन्सबर्गचा मित्र, आणि गिन्सबर्ग तोच जो 1962 मधे मुंबईत येऊन अशोक शहाणे, अरुण कोलटकर ह्या आपल्या मंडळींना भेटून गेला होता. आपल्याकडचे लघुअनियतकालिकवालेही साधारण त्याच वर्षांत सायक्लोस्टाइल करून, स्वतः छापून, स्वतः वाटून प्रस्थापित मासिकांना वळसा घालत होते. मशीन आपलं असलं की परवानगी कोणाची लागत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे एकाच सुमाराला लोकांना कळली होती.

ही अंडरग्राउंड कॉमिक्स विकली जायची 'हेड शॉप'मधे, म्हणजे जिथे चिलमी, उदबत्त्या, पोस्टर असला हिप्पी लोकांचा माल मिळायचा तिथे. दुसरा मोठा फरक पैशाचा. सुपरहिरोवाल्या कंपन्यांत चित्रकार पानाचे पैसे घेऊन मोकळा, पात्र कंपनीचं. इथे हक्क चित्रकाराचा, खपावर रॉयल्टी. तरी क्रम्ब फसलाच. 'कीप ऑन ट्रकिन'वर कॉपीराइटची नीट नोंद नव्हती म्हणून कोर्टात त्याचा हक्क गेला, ज्याला वाटेल त्याने ते चित्र छापलं, आणि भरीस भर म्हणून टॅक्सवाले मागे लागले. 'फ्रिट्झ द कॅट' ह्या त्याच्या मांजरावर राल्फ बक्शीने 1972 मधे ॲनिमेशन सिनेमा काढला, अमेरिकेत एक्स रेटिंग, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा शिक्का, मिळालेला पहिला कार्टून सिनेमा, तुफान चालला, आणि क्रम्बला तो इतका भिकार वाटला की त्याच वर्षी त्याने पुढच्या कॉमिकमधे फ्रिट्झला बर्फ फोडायच्या टोच्याने मारूनच टाकलं. स्वतःचं सगळ्यात कमावतं पात्र. पैसा आणि प्रसिद्धी ह्याबद्दल ह्या माणसाला खरोखरच तिटकारा होता आणि फिल्ममधे तो जागोजागी दिसतो, सिनेमावाल्यांना आणि मोठ्या बँडना तो नाही म्हणत आलेला आहे.

आता वादाकडे. कोडने जे जे दाबलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं, आणि क्रम्बच्या बाबतीत ते अगदी तळापासून उपसून आलं. त्याची पद्धत अशी की डोक्यात जे येईल ते कागदावर उतरवायचं, अडवायचं नाही. मग 'एंजलफूड मॅकस्पेड' नावाची काळी बाई आली, जाड ओठ, उघडं अंग, म्हणजे गोऱ्या अमेरिकेने शंभर वर्षं काळ्या लोकांची जी टिंगल केली तिचा अर्कच. त्याचं म्हणणं होतं की हे तुमच्याच डोक्यातलं आहे, मी तुम्हाला दाखवतोय. पण पुढे त्याची असली कॉमिक्स वंशवाद्यांनी आपल्या पत्रकात सरळसरळ उचलून छापली, त्यांना त्यात उपहास दिसलाच नाही, त्यांना ते आपलंच म्हणणं वाटलं. तुम्ही उपहास करताय हे वाचणाऱ्याला कळलंच नाही तर तो उपहास उरतो का, हा प्रश्न तिथून सुरू होतो आणि तो काही सुटत नाही.

1969 च्या 'झॅप'च्या चौथ्या अंकात एक गोष्ट होती, टीव्हीच्या जाहिरातीत शोभेल असं हसरं आदर्श कुटुंब, आणि तेच कुटुंब आपसात सेक्स करायला लागतं, वर हसतंही तसंच. ह्या अंकावर न्यूयॉर्कमधे अश्लीलतेचा खटला झाला आणि पुस्तकं विकणाऱ्यांना दोषी धरलं. चित्रकाराला नाही, प्रकाशकाला नाही, दुकानवाल्याला. मग 1973 मधे सुप्रीम कोर्टाचा 'मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया' हा निकाल आला. त्याआधी कसं होतं की एखादी गोष्ट अश्लील ठरवायची तर तिच्यात सामाजिक मूल्य अजिबात नाही असं सिद्ध करावं लागायचं, आणि ते फार अवघड होतं. मिलर निकालाने म्हटलं की मजकूर वासना चाळवणारा आहे का हे तिथल्या स्थानिक समाजाच्या मापाने ठरवायचं, तो उघड किळसवाणा आहे का ते बघायचं, आणि त्यात गंभीर स्वरूपाचं साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य आहे का ते बघायचं. ऐकायला साधं वाटतं, पण परिणाम काय झाला तर सॅन फ्रान्सिस्कोत चालणारा अंक लहान गावातल्या दुकानदाराला तुरुंगात घालू शकतो अशी अवस्था झाली. दुकानदारांनी माल मागवणं थांबवलं, हेड शॉपवरही दबाव आला, आणि अंडरग्राउंडचा पहिला बहर काही वर्षांतच ओसरला.

एवढं माहीत असलं की फिल्म वेगळी दिसायला लागते. झ्वायगॉफ हा क्रम्बचा जुना मित्र, दोघं 'चीप सूट सेरेनेडर्स' ह्या बँडमधे एकत्र वाजवायचे, झ्वायगॉफ चेलो, क्रम्ब बँजो. दोघांनाही 1920-30 च्या 78 आरपीएमच्या रेकॉर्ड गोळा करायचं वेड, झ्वायगॉफची आधीची फिल्मसुद्धा एका जुन्या काळ्या वादकावर होती, हॉवर्ड आर्मस्ट्राँगवर. ह्या मैत्रीमुळेच त्याला क्रम्बच्या घरात, आईच्या घरात, भावांच्या खोल्यांत जाता आलं, जिथे बाहेरच्या पत्रकाराला कोणी उभं केलं नसतं. फिल्मला निवेदकाचा आवाज नाही, मधेमधे फक्त कॅमेऱ्यामागून झ्वायगॉफ प्रश्न विचारताना ऐकू येतो. बाकी पियानोवरचं जुनं रॅगटाइम, आणि कॉमिक्सच्या पानांवरून चौकटीचौकटीने सरकणारा कॅमेरा, आपण वाचतो त्याच वेगाने.

सुरुवातीचा क्रम्ब तुम्हाला आवडून जातो. बारीक, वाकलेला, जाड भिंगाचा चष्मा, जुनी हॅट, विनोदी बोलतो, स्वतःच्या सगळ्या लैंगिक खोडी हसत हसत सांगतो, दणकट पायांच्या बायकांवरचा जीव, वगैरे. आणि मग फिल्म त्याच्या आईच्या घरी जाते.

तिथे वरच्या खोलीत थोरला भाऊ चार्ल्स राहतो. शाळा संपल्यापासून तो घराबाहेर जवळजवळ पडलेलाच नाही, मनोविकाराच्या गोळ्यांवर आहे, तीच तीच जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतो. लहानपणी घरातला खरा चित्रकार हा होता. त्यानेच धाकट्या दोघांना कॉमिक्स काढायला बसवलं, इच्छा असो वा नसो, 1958 मधे त्याने आणि रॉबर्टने 'फू' नावाचे अंक काढून ते दारोदार विकले होते. डिस्नेचा 1950 चा 'ट्रेझर आयलंड' सिनेमा त्याच्या डोक्यात असा घुसला की वर्षानुवर्षं तो त्याचीच कॉमिक्स काढत राहिला. रॉबर्ट त्या जुन्या वह्या काढून कॅमेऱ्यासमोर पानं उलटतो, आणि फिल्ममधली माझ्या मते सगळ्यात भयंकर गोष्ट इथे दिसते, कोणी काही समजावून न सांगता. आधीच्या पानांवर छान गुटगुटीत चित्रं आहेत. मग हळूहळू माणसांच्या कपड्यांवर सुरकुत्या वाढायला लागतात, रेघांवर रेघा. मग बोलण्याचे फुगे मोठे होतात, मजकूर वाढतो, चित्राला जागाच उरत नाही. मग चित्रं जातात, नुसतं लिखाण. आणि शेवटच्या वह्यांमधे पानं भरभरून बारीक बारीक गुंतवळ, लांबून अक्षरं वाटतात, जवळून बघितलं तर एकही शब्द नाही. एका माणसाचं मन मिटत जाताना त्याच्याच हातच्या कागदांवर दिसतं. कुठल्या डॉक्टरच्या फाइलमधे हे इतकं स्पष्ट दिसलं नसतं.

आणि चार्ल्स हे सगळं स्वतः जाणून आहे, हे आणखी वाईट. तो हुशार आहे, बोलण्यात धार आहे, स्वतःच्या आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल, कधीच कोणाला न सांगितलेल्या आकर्षणाबद्दल, वडिलांच्या माराबद्दल तो हसत हसत बोलतो. वडील मरीन सैन्यातले, घरात हात उचलणारे, रॉबर्ट पाच वर्षांचा असताना त्यांनी त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आई वजन कमी करायच्या गोळ्या खायची, त्या म्हणजे ॲम्फेटामिनच, घरात कायम आरडाओरडा. 1992 मधे, हे शूटिंग झाल्यावर साधारण वर्षभराने, चार्ल्सने आत्महत्या केली. फिल्म त्याला अर्पण केलेली आहे.

धाकटा मॅक्सन सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हलक्या हॉटेलच्या खोलीत राहतो. खिळ्यांच्या फळीवर बसून ध्यान करतो, रस्त्यावर वाडगा घेऊन बसतो, आणि पोट साफ करायला कापडाची लांब पट्टी गिळतो. हठयोगातली वस्त्रधौती आपल्याला ऐकून माहीत असते, पण त्यात गिळलेली पट्टी तोंडावाटे परत ओढून काढतात, मॅक्सन ती अख्खी आतड्यातून जाऊ देतो. त्याला फिट्स येतात. तोही सुंदर चित्रं काढतो. आणि त्याने रस्त्यावर बायकांवर हात टाकलेला आहे, हेही तो कॅमेऱ्यासमोर सांगतो. इथे आपली सहानुभूती अडते, अडलीच पाहिजे, कारण ज्या बायकांबद्दल तो बोलतोय त्या फिल्ममधे कुठेच नाहीत.

तीन भाऊ, तिघांच्याही हातात जवळपास सारखीच कला, घर तेच. रॉबर्टचं बाहेर पडणं त्याच्या वहीमुळे झालं असं फिल्म बघताना वाटत राहतं. जे डोक्यात साचतंय ते त्याने छापून बाहेर टाकलं, लोकांनी वाचलं, पैसे दिले, शिव्या दिल्या, काहीतरी परत आलं. चार्ल्सच्या वह्या खोलीतच राहिल्या. हे मला पटतं. पण म्हणून ती चित्रं सगळ्यांसाठीच औषध ठरत नाहीत, आणि झ्वायगॉफ इथे प्रामाणिक राहतो. तो टीकाकारांना आणून बसवतो, मित्राच्या फिल्ममधे.

'टाइम' मासिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज म्हणतात की हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला ब्रुगेल आहे, म्हणजे सोळाव्या शतकातला तो चित्रकार जो माणसांच्या झुंडी, खाणं, वासना, मूर्खपणा काही न लपवता रंगवायचा. दुसऱ्या बाजूला 'मदर जोन्स' मासिकाच्या माजी संपादक डियर्ड्र इंग्लिश. त्या क्रम्बची प्रतिभा मान्य करतात, त्या आदर्श कुटुंबाच्या गोष्टीत सुरुवातीला अमेरिकन ढोंगावरचा उपहास आहे हेही मान्य करतात, आणि मग सांगतात की एका ठिकाणी उपहास संपतो आणि चित्रकार स्वतःची वासना भागवायला लागतो. ट्रिना रॉबिन्स ही अंडरग्राउंडमधलीच कार्टूनिस्ट, 1970 मधे फक्त बायकांनी काढलेला पहिला कॉमिक अंक तिच्या पुढाकाराने निघाला होता, तीही ह्या बायकाद्वेषावर स्पष्ट बोलते. तिचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं कारण ती बाहेरची नैतिकतावाली नाही. कोड नको, सेन्सॉर नको म्हणणाऱ्यांच्याच गोटातली ती आहे, आणि त्या स्वातंत्र्यात बायकांच्या वाट्याला काय आलं हे तिने जवळून बघितलंय.

एका कॉमिकवर फिल्म बराच वेळ थांबते. मिस्टर नॅचरल नावाचा क्रम्बचा दाढीवाला लबाड गुरू, हिप्पी काळात भारतीय धाटणीच्या बाबांचं जे फॅड आलं होतं त्यातून आलेलं पात्र, आपल्या चेल्याला एक बाई आणून देतो जिला डोकंच नाही. नुसतं शरीर. चेला आधी खूश होतो, मग त्याला अपराधी वाटायला लागतं. क्रम्बने इथे पुरुषाच्या मनातली घाण उघडी केली, का ती चवीने चघळली? मला विचाराल तर दोन्ही, आणि चघळणं जास्त. त्याची रेघ एवढी जिवंत आहे, ते क्रॉसहॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी सावली भरणं, ती अंगाची गोलाई, की ज्या गोष्टीची लाज वाटतेय असं कथा म्हणते तीच गोष्ट चित्र मात्र आनंदाने काढतं. क्रम्ब स्वतःही ह्यावर फार बचाव करत नाही.

फिल्म एका ठिकाणी मात्र कमी पडते असं मला ठामपणे वाटतं. बायकांच्या बाजूने बोलणाऱ्या तीन-चार जणी आहेत, तेवढ्या ताकदीने काळ्या लोकांच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. ज्याला काळ्या संगीताचं इतकं वेड आहे, जो फिल्ममधे गीशी वाइली ह्या काळ्या ब्लूज गायिकेची 1930 ची रेकॉर्ड लावून जमिनीवर बसून ऐकतो आणि म्हणतो की हे ऐकतानाच आपल्याला माणसांबद्दल थोडंफार प्रेम वाटतं, त्याच माणसाने एंजलफूड कशी काढली, ह्या गाठीला फिल्मने नीट हात घालायला हवा होता. क्रम्बच्या दोन बहिणींनीही मुलाखत द्यायला नकार दिला. त्या घरात मुलींचं काय झालं हे कळतच नाही, आणि ती रिकामी जागा मला शेवटपर्यंत टोचत राहते.

आणि तरी, तो चित्रकार म्हणून काय आहे हे बघायचं असेल तर 1979 चं 'अ शॉर्ट हिस्टरी ऑफ अमेरिका' बघा, फिल्ममधे ते पियानोच्या साथीने एकेक चौकट करून येतं. 12 चौकटी, जागा एकच. आधी झाडं आणि मोकळं रान, मग रेल्वेची गाडी येते, मग एक घर, मग रस्ता, मग तारा, खांब, ट्राम, दुकानं, झाडं कमी कमी होत नाहीशी, शेवटी गाड्या, पाट्या आणि आकाशभर वायरी. संवाद नाही, शिवी नाही, बाई नाही. विजेचे खांब, ट्रान्सफॉर्मर, सिग्नल असल्या गोष्टी आपण रोज बघतो पण आठवून काढता येत नाहीत, म्हणून त्याने एका ओळखीच्या माणसाला गाडी चालवायला लावून रस्त्यारस्त्यांवरच्या ह्या भंगाराचे फोटो काढून ठेवलेत आणि ते बघून तो पार्श्वभूमी काढतो. त्याच्या कुठल्याही पानावरची मागची गल्ली बघा, तिथली एकेक वायर खरी असते. जो माणूस बायकांकडे बघताना एवढा आंधळा होतो तोच विजेच्या खांबाकडे एवढ्या निष्ठेने बघतो, हे मला अजून पचलेलं नाही.

फिल्मला ऑस्करचं नामांकनच मिळालं नाही. समीक्षक जीन सिस्कलने तिला 1995 ची सर्वोत्कृष्ट फिल्म ठरवलं होतं, त्यामुळे बराच गदारोळ झाला. आदल्या वर्षी 'हूप ड्रीम्स' ही गाजलेली डॉक्युमेंटरी अशीच डावलली गेली होती. डॉक्युमेंटरी निवडणारी समिती पूर्ण न बघताच फिल्म बंद करते ही गोष्ट त्यानिमित्ताने चव्हाट्यावर आली, आणि पुढे निवडीची पद्धत बदलावी लागली.

क्रम्ब त्याआधीच अमेरिका सोडून दक्षिण फ्रान्सच्या सोव्ह ह्या गावी गेला होता, बायको अलीन कॉमिन्स्की आणि मुलगी सोफीला घेऊन. आपल्या स्केचबुकांच्या बदल्यात त्याने तिथलं घर घेतलं, आणि फिल्मच्या शेवटी रेकॉर्डची खोकी हलवणाऱ्यांच्या मागेमागे तो धास्तावून फिरताना दिसतो. अलीन स्वतः उत्तम कार्टूनिस्ट होती, ती 2022 मधे गेली. 2009 मधे क्रम्बने बायबलचं उत्पत्तीचं पुस्तक संपूर्ण चित्रांत काढलं, 50 च्या 50 अध्याय, एकही वाक्य न गाळता, टिंगल न करता. मुखपृष्ठावर सूचना होती की लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली वाचावं. लोट आणि त्याच्या मुलींची गोष्ट, म्हणजे बाप आणि मुलींमधल्या सेक्सची, त्यात जशीच्या तशी आहे. त्याने फक्त मूळ मजकूर चित्रांत उतरवला होता.

फिल्म बघणार असाल तर घरात पोरं असताना लावू नका, आत्महत्या आणि लैंगिक अत्याचार ह्यावर उघड बोलणं आहे आणि कॉमिक्सची पानंही जशीच्या तशी दाखवलीयेत. मनाने खचलेले असाल तर चार्ल्सचे प्रसंग जड जातील, तेव्हा एकट्याने रात्री बघू नका, कोणाला तरी सोबत घ्या.